केसरबाईंच्या पुढची रेकॉर्ड



वर्षातून दोन-तीनदा तरी मला एक ढकलपत्र येतं. 'मराठी माणसाची मान उंचावणारी बातमी' अशा थाटाचं. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर नासाने सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यात आपल्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. माहिती खरी आहे, आणि अभिमान मलाही वाटतो. तक्रार एवढीच की केसरबाईंची साडेतीन मिनिटं संपली की पत्रही संपतं. तबकडी मात्र पुढे चालू राहते. केसरबाईंच्या लगेच पुढे टेक्सासमधल्या, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून गाणाऱ्या एका अंध माणसाची रेकॉर्ड आहे, आणि त्याच्या पुढे थेट बेथोवेन. असा शेजार लाभलेल्या या माणसाचं नाव आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल?

ब्लाइंड विली जॉन्सन.

३ डिसेंबर १९२७ या दिवशी डॅलसमध्ये, कोलंबिया कंपनीच्या फिरत्या पथकासमोर बसून त्याने ही रेकॉर्ड केली. तिच्यात शब्द नाहीत. नाव घेतलंय अठराव्या शतकातल्या एका इंग्रजी प्रार्थनागीतातून, क्रुसावर जाण्याआधीच्या येशूच्या रात्रीबद्दलच्या. पण गाण्यात उरलाय तो नुसता हुंकार. गिटारच्या तारेवरून काहीतरी सरकवत तो सूर ताणतो. गळा जिथे थांबतो तिथून तार उचलते, तार दमली की पुन्हा गळा. मी पक्का नास्तिक आहे, तरी रात्री गाडी चालवताना ही रेकॉर्ड लागली तर मला रस्त्याच्या कडेला थांबावंसं वाटतं. आलाप ऐकत वाढलेल्या कानांना ती समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच आपण ती ऐकलेली नसणं मला जास्त खटकतं.

आता त्या रेकॉर्डची दुसरी बाजू उलटून पाहा. त्याच दिवशी, त्याच खोलीत केलेलं 'इट्स नोबडीज फॉल्ट बट माइन' हे गाणं तिथे आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी होस्टेलच्या खोलीत ज्यांची पोस्टरं लावली होती, त्या लेड झेपलिनने याच मुखड्याचं गाणं १९७६ च्या 'प्रेझेन्स' या अल्बममध्ये घेतलं. चाल पुष्कळ बदललेली, गिटार दणदणीत, गाणं झकासच. श्रेय: पेज आणि प्लँट. म्हणजे बघा, एका काळ्या तबकडीची एक बाजू मानवजातीचा प्रतिनिधी म्हणून सूर्यमालेच्या बाहेर निघाली, आणि दुसरी बाजू त्याच्या आदल्याच वर्षी दुसऱ्यांच्या नावावर दुकानात आली.

विलीला यातलं काहीच कळलं नाही. तो १९४५ मध्येच गेला. १९३० नंतर, मंदीच्या दिवसांत, त्याच्या रेकॉर्ड निघणं थांबलं. जेमतेम तीसेक गाणी मागे राहिली. टेक्सासमधल्या बोमाँट गावात त्याचं घर जळलं. जळक्या घरात, ओल्या अंथरुणावर झोपून तो आजारी पडला आणि इस्पितळाने दारातून परत पाठवलं, असं त्याच्या पत्नीने पुढे सांगितलं. दफनभूमीत त्याची नेमकी जागा कुठली हे कुणालाच माहीत नाही. दगड बसवला गेला तो २०१० साली.

यावर 'अरेरे, दुर्दैवी कलावंत' म्हणून पान उलटणं सोपं आहे. दैवाचा यात फार थोडा भाग आहे. त्या काळात रेकॉर्ड कंपन्यांचे कॅटलॉग पाहिले तर विस्मृतीची सोय आधीच केलेली दिसते. कोलंबियाने कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी १४००० या आकड्यापासून सुरू होणारी 'रेस रेकॉर्ड्स'ची मालिका काढली आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांसाठी १५००० पासूनची वेगळी. विलीच्या रेकॉर्डचा क्रमांक १४३०३. दोन्ही मालिकांतले लोक एकमेकांच्या चाली उचलत होते, तीच भजनं गात होते, पण दुकानात त्यांची कपाटं वेगळी. आपल्या गावांतल्या दोन पाणवठ्यांची आठवण ज्यांना होणार नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहीत नाही.

'लोकसंगीतात सगळेच एकमेकांचं घेतात' हा युक्तिवाद मला ऐकवला जातो. अगदी मान्य. विलीनेही घेतलंच की. पण लोकसंगीताच्या नदीतून सगळ्यांनी पाणी भरायचं आणि मीटर मात्र एकाच्याच घरी लावायचं, याला देवाणघेवाण म्हणत नाहीत. आर्थर 'बिग बॉय' क्रुडपचं पाहा. त्याने 'दॅट्स ऑल राइट' रेकॉर्ड केलं १९४६ मध्ये. जुलै १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस प्रेस्लीने तेच गायलं, ती त्याची पहिली रेकॉर्ड. एल्विसबद्दल आकस नको. १९५६ च्या एका मुलाखतीत त्याने क्रुडपचं नाव आदराने घेतलं होतं. पण गाण्याचे हक्क क्रुडपच्या हातात नव्हते. तो व्हर्जिनियात शेतमजुरी करत राहिला. १९७१ च्या सुमारास साठ हजार डॉलरवर तडजोड ठरली, क्रुडप सहीला न्यूयॉर्कला पोचला, आणि प्रकाशक कंपनीने ऐनवेळी सही नाकारली. १९७४ मध्ये तो वारला. पैसे आले ते त्यानंतर, वारसांच्या हातात.

बिग मामा थॉर्नटनचं 'हाउंड डॉग' १९५३ मध्ये सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गाणं लिहिलेलं लीबर आणि स्टोलर या दोन गोऱ्या पोरांनी, त्यामुळे 'गोऱ्यांनी काळ्यांचं चोरलं' असं सरधोपट वाक्य इथे चालणार नाही. पण १९५६ नंतर ते गाणं 'एल्विसचं' झालं, आणि आजही शंभरातले नव्वद जण तसंच म्हणतील. सिस्टर रोझेटा थार्प १९४४ मध्ये इलेक्ट्रिक गिटारवर जे वाजवत होती, त्याला रॉक अँड रोल हे नाव मिळायला आणखी दहा वर्षं होती. क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला जागा मिळाली २०१८ मध्ये, थॉर्नटनला २०२४ मध्ये. तोवर दोघींना जाऊन चाळीस-चाळीस वर्षं झाली होती.

मला सगळ्यात जवळची वाटते ती एलिझाबेथ कॉटन. जन्म १८९३, नॉर्थ कॅरोलिना. डावखुरी, म्हणून उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायला शिकली: अंगठ्याने वरची धून, बोटांनी खालचे खर्जाचे सूर. 'फ्रेट ट्रेन' तिने अकरा-बारा वर्षांची असताना रचलं. मग संसार, दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी, आणि काही दशकं गिटारला हातच नाही. वॉशिंग्टनला ती ज्या घरी काम करत होती, ते निघालं लोकसंगीताचे अभ्यासक असलेल्या सीगर कुटुंबाचं, म्हणून ती सापडली. त्या घरच्या मुलीबरोबर गाणं इंग्लंडला पोचलं आणि १९५७ मध्ये तिथे गाजलं, रचनाकार म्हणून भलत्याच दोघांची नावं घेऊन. भांडून तिचं नाव लागलं. ग्रॅमी मिळालं तेव्हा ती ब्याण्णव वर्षांची होती. सीगरांच्या घराऐवजी एखाद्या वकिलाच्या घरी काम लागलं असतं तर? तिच्यासारख्या किती जणी वकिलांच्याच घरी राहिल्या असतील?

आणि म्हणून आपल्या जेवणावळींत ऐकू येणारं ते वाक्य मला गिळवत नाही: 'आम्ही खिशात आठ डॉलर घेऊन आलो आणि गुणवत्तेवर उभे राहिलो, मग यांनाच का जमत नाही?' १९६५ पर्यंत भारतीयांसाठी वर्षाला शंभर जणांचा कोटा होता. तो उठवणारा कायदा आला, तो ज्या चळवळीने १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा करायला लावला, तिने तापवलेल्या तव्यावर. दार कुणी ढकललं ते विसरून आपण आपल्या कुलुपाच्या कारागिरीचं कौतुक करतो. पेटंटच्या अर्जावर आपलं नाव तिसऱ्याऐवजी चौथं आलं तर आठवडाभर झोप न येणारी माणसं आपण. गुणवत्ता आपोआप वर येते, हे क्रुडपला सांगून पाहा.

आणखी एक. व्हॉयेजरच्या त्या तबकडीवर अमेरिकेचं म्हणून जे संगीत आहे, ते चार तुकड्यांचं: नावाहो आदिवासींचं रात्रगान, लुई आर्मस्ट्राँग, चक बेरी आणि ब्लाइंड विली. परग्रहावरच्या कुणी ऐकलंच, तर त्याच्या लेखी हाच हा देश.

मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात 'गोल्डन ओल्डीज'चा कार्यक्रम असतो, एल्विसचा गॉगल लावून. या वर्षी समितीकडे मी त्यातला अर्धा तास मागितला आहे. सुरुवात केसरबाईंच्या भैरवीने, मग मध्ये कुणीही न बोलता विलीची रेकॉर्ड, पुढे क्रुडप, थॉर्नटन, थार्प आणि कॉटन. निवेदनात प्रत्येकाचं नाव, साल, आणि रेकॉर्डवर छापलेलं श्रेय कुणाचं होतं ते. समितीचं उत्तर अजून आलेलं नाही. पाठिंबा असेल त्यांनी थेट त्यांना लिहावं. आणि ते ढकलपत्र तुमच्याकडे आलं तर पुढे ढकलण्याआधी खाली विलीच्या नावाची एक ओळ घाला.