गिझर आत, मग धूर कुठे?

गॅस गिझरने बाथरूममध्ये कोणी दगावलं की ठरलेलं वाक्य ऐकू येतं, 'खिडकी बंद होती.' म्हणजे चूक आंघोळ करणाऱ्याची! आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'युजर एरर' म्हणून बग बंद करून टाकतो. पण जानेवारीत, पुण्याच्या थंडीत, सकाळी सहाला खिडकी उघडून आंघोळ कोण करतं हो?

बंद खोलीत ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, याला वासच नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. चक्कर येतेय हे कळेपर्यंत कडी काढायचं त्राण उरत नाही.

'एक्झॉस्ट फॅन आहे की!' आहे ना. पण सगळं बंद असताना तो ताजी हवा आणणार कुठून? उलट गिझरला साधं धुराडं असेल तर त्यातला धूर आत ओढायचा. पंख्याने धूर पाइपातून बाहेर ढकलणारे गिझरही असतात, पण तो पाइप अरुंद डक्टमध्ये सोडलात तर वरच्या मजल्यावरच्यांच्या खिडकीत धूर! पाइप मोकळ्या हवेतच निघायला हवा.

नाहीतर सरळ गिझरच उघड्या बाल्कनीत बसवा, आत फक्त गरम पाणी येऊ द्या. सोसायटीवाले म्हणतात, बिल्डिंगचा शो जातो. एसीच्या पेट्या लटकवल्या तेव्हा कुठे गेला होता तुमचा शो?