केटी का लागली?

कॅम्पस प्लेसमेंटचा सीझन आला, की होस्टेलवर घोकंपट्टी सुरू होते. ‘तुमचा वीकनेस काय?’ याला ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर तर इतकं घासून गुळगुळीत झालंय, की समोरच्याला जांभई यावी. खरा अवघड प्रश्न बहुतेक वेळा तुमच्याच रेझ्युमेत आणि मार्कशीटमध्ये दडलेला असतो. एम-थ्रीला केटी का लागली? बारावीनंतरचं एक वर्ष कुठे गेलं? हे विचारणारा तुम्हाला पाडायला बसलेला नसतो. तुम्ही सबबी सांगता की सरळ बोलता, हे त्याला बघायचं असतं. ‘पेपर कठीण होता, सर नीट शिकवायचेच नाहीत’ म्हटलंत, की विषय संपला! त्यापेक्षा ‘लाप्लास कच्चं राहिलं होतं, मग जुने पेपर सोडवले, पुढच्या वेळी सुटलो’ असं खरं काय ते दोन वाक्यांत सांगा आणि थांबा. पुढचा प्रश्न लाप्लासवरच येऊ शकतो. तेवढं मात्र आलंच पाहिजे. प्रोजेक्टचंही तेच. कोड मित्राने लिहिला आणि तुम्ही फक्त टेस्टिंग केलं, तर तसंच सांगा. नाहीतर दुसऱ्याच प्रश्नाला घाम फुटतो. इंटरव्ह्यूच्या आदल्या आठवड्यात रेझ्युमे ग्रुपमधल्या सगळ्यात खडूस मित्राच्या हातात द्या, आणि त्याला हवं ते विचारू द्या.