तारेतला आठ आणि फोनमधले सोळा

तुमचे आजी-आजोबा गिरगावात किंवा दादरला राहत असतील, तर त्यांना लग्नात येणाऱ्या तारांविषयी जरूर विचारा. ज्यांना लग्नाला येता येत नसे, ते तारेने शुभेच्छा पाठवीत. तार कार्यालयात ठरावीक शुभेच्छांची क्रमांकवार यादी असे. लग्नासाठी ८ हा आकडा लिहिला की काम झाले! तारेतून आकडाच जाई. पलीकडचा कर्मचारी तीच यादी पाहून सुखी व दीर्घ वैवाहिक जीवनाच्या शुभेच्छांचे पूर्ण वाक्य उतरवून देई. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडील तारसेवा बंद झाली. युक्ती मात्र मोबाइल फोनमध्ये जिवंत आहे.

ती कशी, ते पाहू. मोबाइलच्या मनोऱ्यावर अनेक अँटेना असतात. प्रत्येकीची लहर किंचित मागेपुढे केली, तर साऱ्या लहरी फोनपाशी शिखराला शिखर जुळवून पोचतात आणि संदेश ठळक होतो. पण किती मागेपुढे करायचे? ते मोजमाप पुष्कळदा फोनलाच करावे लागते. सगळे आकडे कळवीत बसावे, तर बसमधला फोन पुढे सरकतो आणि मोजमाप शिळे होते. म्हणून दोघांजवळ एकच यादी असते. तिला संकेतपुस्तक म्हणू. फोन त्यातली सर्वांत योग्य नोंद निवडतो आणि फक्त तिचा क्रमांक कळवतो. '४जी' पद्धतीत चार अँटेनांसाठी १६ नोंदींची यादी आहे. सोळांपैकी एक सांगायला शून्य किंवा एक अशी चारच चिन्हे पुरतात.

यादी वाढवली तर? ३२ नोंदींना पाच चिन्हे लागतील, ६४ नोंदींना सहा. निवड अचूक होईल, पण निरोप लांबेल. उलट, सोळाही नोंदी एकसारख्या असतील, तर यादी असून नसल्यासारखीच! म्हणून माझे मत असे, की खरी बुद्धी यादीत काय घ्यावे आणि काय गाळावे हे ठरवण्यात आहे. जे यादीत नाही, ते थोडक्यात सांगता येत नाही. मोकळ्या मैदानाला सोयीची यादी लालबागच्या चाळींच्या दाटीत तितकीच उपयोगी पडेल, असे नाही. या याद्या आंतरराष्ट्रीय बैठकांत ठरतात. तेथे भारताच्या 'टीएसडीएसआय' या संस्थेलाही स्थान आहे. ते स्थान नुसते हजेरीपुरते राहू नये.

शिक्षकांना एक विनंती. हिंदमाताला पाणी भरले आणि गाड्या थांबल्या, तर समोरच्या चाळीत कोणते १६ निरोप पाठवावे लागतील, याची यादी मुलांकडून करून घ्या. मग चार बोटे उघडी की मिटलेली, एवढ्यावरच ते पाठवा. शेवटी विचारा : कोणाचा निरोप यादीत नव्हता? आणि यादी करताना त्याला कोणी विचारले होते का?