वकिलीला दुसऱ्या पदवीची जोड कशासाठी?

सोलापुरात विडी वळणाऱ्या आईची मुलगी, यंत्रमागावर राबणाऱ्या बापाचा मुलगा आज कायद्याच्या वर्गात बसतो आहे. ही चळवळीची कमाई होय. मात्र प्रवेश घेताच त्यांच्यापुढे जाहिरातींचा बाजार उभा राहतो. सायबर कायद्याचे प्रमाणपत्र घ्या, सोबत एमए करा, एमबीए करा! घरचे कर्ज काढून पैसे भरतात. म्हणून नियम काय सांगतो, हे समाजबांधवांनी आधी समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिली. पण कायद्याच्या शिक्षणावर बार कौन्सिल ऑफ इंडियाचाही अंमल चालतो. तिच्या २००८ च्या नियमांनुसार विधी पदवीसोबत दुसरी नियमित पदवी किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करता येत नाही. अपवाद मोजके आहेत : पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, भाषा व संगणकाचे अल्पकालीन प्रमाणपत्र आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने तर विद्यार्थ्यांकडून याबाबत जाहीरनामाच मागितला आहे. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी महाविद्यालयाकडून लेखी खुलासा घ्यावा.

मग जोड घ्यायचीच नाही काय? बाबासाहेबांनी १९१६ साली लंडनला अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी या दोन्हींचे शिक्षण एकाच वेळी सुरू केले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले, तरी पुन्हा जाऊन १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये त्यांनी डीएस्सी मिळवली. पुढे १९४२ पासून मजूरमंत्री म्हणून काम करताना ही दोन्ही शास्त्रे कामगारांच्या कामी आली. जोड निवडण्याची कसोटी हीच.

सोलापूरला ती लावून पाहा. येथील असंख्य विडी आणि यंत्रमाग कामगार तेलुगू बोलतात, सीमेलगत कन्नड आहे. अशिलाचे दुःख त्याच्या भाषेत ऐकणारा वकील किती आहेत? भाषेचे प्रमाणपत्र नियमात बसते आणि उपयोगीही पडते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या. त्या आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, हे विषय पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने पदवीतच पुरेशा खोलीने, प्रत्यक्ष कामासह शिकवावेत. त्यासाठी वेगळे शुल्क कशाला?

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सनदेसाठीचे नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवारांना ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांच्या मर्यादेत आणले. गरिबाच्या लेकरांसाठी उघडलेले हे दार प्रमाणपत्रांच्या दुकानदारांनी पुन्हा अडवू नये. आमच्या संघटनांनी ही मागणी घेऊन विद्यापीठात गेले पाहिजे!