अल्बमात नसलेली माणसे

कॅमेरा खोटे बोलत नाही, असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. एका मर्यादेपर्यंत ते खरेही आहे. पण समोर असलेले सगळेच त्याला टिपता येते असे नाही, आणि काय टिपायचे राहून गेले हे तो कधी सांगत नाही. घरोघरच्या कपाटात जो हौशी कॅमेरा असे, त्याच्या गुणदोषांची चर्चा आपण आजवर फोटो स्पष्ट येतो की पुसट, रोल महाग की स्वस्त, एवढ्यापुरतीच केली. प्रश्न त्याहून मोठा आहे, असे मला वाटते. त्या कॅमेऱ्यांचे दोष हळूहळू आपल्या आठवणींचे दोष होऊन बसले आहेत.

आमच्या वाईतल्या एखाद्या जुन्या घरातला अल्बम काढून पाहा. ढोल्या गणपतीचा घाट, कृष्णेच्या पायऱ्यांवर ओळीने बसवलेली मुले, मेणवलीची सहल, पाचगणीचे टेबललँड, अंगणात खुर्च्या मांडून काढलेला कुटुंबाचा फोटो. सगळे कसे लख्ख उन्हात. माजघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, परसातली मोरी मात्र त्यात सापडणार नाही. घरातल्या बायकांचे निम्मे आयुष्य जिथे गेले, त्या जागाच अल्बमात नाहीत. याला रीतिरिवाज कारणीभूत आहेतच. पण दोषाचा मोठा वाटा भिंगाचाही आहे.

आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांचा पहिला कॅमेरा म्हणजे आगफा क्लिक थ्री. काळ्या प्लास्टिकची ती पेटी फार गुणी होती. बिघडण्यासारखे तिच्यात फारसे काही नव्हतेच. मागच्या लाल खिडकीतला आकडा पाहत रोल फिरवायचा, ऊन की ढग एवढे ठरवायचे आणि खटका दाबायचा. एका रोलात बारा फोटो. सहा सेंटिमीटर लांबीरुंदीची चौकोनी निगेटिव्ह इतकी मोठी, की स्टुडिओतून नुसती तेवढ्याच मापाची प्रत करून आणली तरी अल्बमात चिकटवता येई. त्या निगेटिव्हवरून आजही सुरेख मोठा फोटो निघतो. पण भिंगाचे तोंड बारीक आणि शटरचा वेग जवळजवळ एकच. वाड्यातल्या एका बल्बच्या पिवळ्या उजेडात जेवढा प्रकाश असतो, त्याच्या कितीतरी पट तिला लागे. फ्लॅश निराळा घ्यावा लागे आणि त्याचा एक बल्ब एकदाच पेटे. चुलीपुढच्या बाईसाठी तो कोण जाळणार? तेव्हा जिचा फोटो काढायचा तिला हात पुसून, पदर नीट करून अंगणात यावे लागे. ती बाहेर येई, उन्हाने डोळे बारीक करून उभी राही आणि फोटोतली बाई निराळीच होई.

पुढे १९८० नंतर ‘बघा आणि दाबा’ जातीचे कॅमेरे आले. हॉट शॉट, याशिका एमएफ-२, नव्वदीत कोडॅकचा केबी-१०. छत्तीस फोटोंचा रोल, अंगचाच फ्लॅश आणि अंतर जुळवण्याची कटकट नाही. हा त्यांचा मोठा गुण, कारण त्यामुळे कॅमेरा घरातल्या एका जाणत्या पुरुषाच्या हातून सुटून मुलांच्या आणि बायकांच्या हातात गेला. बारसे, मुंज, डोहाळजेवण घरात टिपता येऊ लागले. पण त्या फ्लॅशची धाव दहा-बारा फुटांची. समोरचे चेहरे चुना फासल्यासारखे पांढरे आणि मागे मिट्ट काळोख. पंगतीच्या फोटोत पहिली चार पाने दिसतात, पाचव्यापासूनची माणसे अंधारात विरून जातात. पाहण्याची खिडकी आणि भिंग वेगवेगळ्या जागी असल्यामुळे जवळून काढलेल्या फोटोत कुणाचे कपाळ कापले जाई. वाढणारी बाई हलत असे, म्हणून तिचा अनेकदा नुसता हात येई.

ज्यांना या छंदाचे वेड होते त्यांनी झेनिट घेतला, कुणी पेंटॅक्स के-१०००. हा पेंटॅक्स १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षे बनत होता. बॅटरी संपली तरी फक्त प्रकाश मोजणारा काटा बंद पडे, कॅमेरा चालूच राही. भिंगातून जे दिसते तेच फोटोत येई. पण तो काटा जगातली प्रत्येक वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असे धरून चाले. चुन्याच्या भिंतीपुढे सावळ्या माणसाला उभे केले, की काटा भिंतीला भुलायचा. भिंत करडी आणि चेहरा काळा ठिक्कर! जाणकार माणूस चेहऱ्याजवळ जाऊन प्रकाश मोजे, बाकीचे दोष चेहऱ्याला देत. शिवाय आमच्या डोक्यावर महाबळेश्वर. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या दमट हवेत चामड्याच्या पेटीत गुंडाळून ठेवलेल्या महागड्या भिंगावर बुरशी चढते. जपून ठेवलेला कॅमेरा खराब होतो आणि रोज हाताळलेला टिकतो, हे पुष्कळांना उशिरा कळते.

चेहऱ्याच्या रंगाची ही गोष्ट केवळ काट्यापुरती नव्हती. रंगीत फिल्म घडली ती पाश्चात्त्य बाजारपेठेसाठी. प्रयोगशाळेत रंग जुळवून पाहायला कोडॅक कंपनी गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असलेले कार्ड पुरवत असे. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ते ओळखले जाई. त्या कातडीवर रंग बरोबर आला की तो सर्वत्र बरोबर, असा हिशेब होता. आपल्याकडची उन्हात राबलेली माणसे त्या हिशेबात नव्हतीच. लग्नाच्या अल्बमात नवरीच्या चेहऱ्यावर पावडरीचा थर का असे, याचे थोडे उत्तर इथेही आहे.

मी बँकेत होतो तेव्हा खाते उघडण्याच्या फॉर्मवर पासपोर्ट आकाराचा फोटो चिकटवावा लागे. खेड्यांतल्या कित्येक बायकांचा तो आयुष्यातला पहिला एकटीचा फोटो असे. पुढे खातेदार बाई वारली की वारस येत. हिशेब पुरा होई, सह्या होत आणि उठता उठता मुलगा संकोचून विचारी, “साहेब, आईचा तेवढा फोटो मिळंल का? मोठा करून लावायचाय. घरात दुसरा नाही.” बँकेचा कागद देता येत नसे आणि फोटोवर निम्मा शिक्का उमटलेला असे. अशी विनंती करणाऱ्या सगळ्याच घरांत कॅमेरा नव्हता असे नाही. काहींकडे होता. घाटाचे, बैलांचे, नव्या मोटारसायकलचे फोटो होते. आईचा नव्हता.

कुणी म्हणेल, घरगुती कॅमेऱ्यातून जे सुटले ते मोठ्या कॅमेऱ्यांनी टिपले असेल की! वाईत काय कमी कॅमेरे आले? खरे आहे. ‘गंगाजल’ (२००३), ‘स्वदेस’ (२००४), ‘दबंग’ (२०१०) यांचे चित्रीकरण इथे आणि आसपास झाले. पण ‘गंगाजल’मध्ये वाई बिहारातले तेजपूर झाली आणि ‘स्वदेस’मध्ये मेणवली उत्तर प्रदेशातले चरणपूर. लाखो लोकांनी आमचे घाट पाहिले ते परक्या नावाने. वाईला वाई म्हणून, आणि वाईतल्या माणसांना त्यांच्या स्वतःच्या नावाने टिपले ते हौशी कॅमेऱ्यांनीच. स्टुडिओवाल्यांचे ऋण मान्य करूनही मी हे म्हणतो. म्हणून त्या हौशी कॅमेऱ्यातून जे सुटले, ते भरून काढायला दुसरे कुणी येणार नाही.

आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. जुन्या कॅमेऱ्यांचे बहुतेक दोष त्याने घालवले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. अंधुक उजेडात तो एकापाठोपाठ एक अनेक चित्रे घेतो, ती एकमेकांवर बसवतो आणि चुलीपुढचा चेहरा उजळून दाखवतो. रोलाचा खर्च नाही. पण त्याचे दोष नवे आहेत. हातभर अंतरावरून त्याचे रुंद भिंग नाक मोठे करते. अनेक फोनांत चेहरा गुळगुळीत आणि गोरा करण्याची सोय असते, आणि काहींत ती आपण न सांगताच चालू असते. शर्ली कार्डाचेच हे नवे रूप. व्हॉट्सअ‍ॅपवरून धाडलेला फोटो सहसा बारीक होऊन पोहोचतो. तो पाहायला ठीक, मोठा करायला निरुपयोगी. आणि फोन हरवला, बिघडला, की दहा वर्षांचे फोटो एका दिवसात जातात. क्लिक थ्रीची निगेटिव्ह ट्रंकेत पन्नास वर्षे पडून राहिली, तिला कुणी पासवर्ड विचारला नाही.

सर्वांत मोठा दोष मात्र फोनचा नाही, आपला आहे. अंधार आता आड येत नाही, तरी आपण फोटो काढतो ते पूर्वीच्याच जागी: घाटावर, सहलीला, स्टेजवर, आणि वर स्वतःचेच. कृष्णाबाईच्या उत्सवातली पंगत फोटोत येते. मागे कढया उचलणारी माणसे अजून येत नाहीत. आधी भिंगाची अडचण होती. आता ती सबब उरलेली नाही.

माझे म्हणणे एवढेच, की फोन घेऊन एकदा घराच्या मागच्या बाजूला जा. ‘इकडे बघ’ म्हणू नका, चेहरा सुंदर करण्याचे बटण बंद ठेवा, दोन पावले मागे उभे राहा आणि चाललेले काम चालू द्या. मग वर्षाअखेरीला हजारांतून बारा फोटो निवडा, एका रोलात असत तेवढे. ते कागदावर छापून घ्या आणि मागे पेन्सिलीने नाव, जागा, तारीख लिहा. खर्च एका सिनेमाच्या तिकिटाइतका. त्या बारांतला पहिला फोटो, घरात ज्या माणसाचे फोटो सर्वांत कमी आहेत, त्याचा असू द्या.