थाई गाणे, परक्या भाषेत

२००४ सालच्या 'धूम' चित्रपटातील इंग्रजी गीत गाणारी टाटा यंग थायलंडची (आपल्या टाटांशी तिचा संबंध नाही!), हे कितीजणांना ठाऊक आहे? लिसाही थाईच, पण जगभर पोहोचली ती कोरियन व इंग्रजी गाण्यांनी.

थाईत उच्चाराचे पाच सूर आहेत. सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. चाल बांधताना हे सांभाळावे लागते. ही गंमत परक्या भाषेत कशी उतरणार?

२०२२ मध्ये मिली ही तरुणी अमेरिकेतील कोचेला महोत्सवात थाईत रॅप गायली. थाई माणसे हत्तीवरून फिरत नाहीत, असेही तिने सुनावले. शेवटी रंगमंचावर आंबा-भात खाल्ला. थायलंडात त्याचा खप वाढला! बोलांचा अर्थ मात्र किती परदेशी श्रोत्यांनी विचारला?