काढणीच्या तोंडावरचा पाऊस

पोळ्याच्या आगेमागे मराठवाड्यात मुगाची तोडणी सुरू होते, उडीद त्याच्या मागोमाग येतो. जेमतेम सत्तर दिवसांचे हे पीक दसऱ्याआधी घरात पहिला पैसा आणते. नेमकी याच दिवसांत झड लागली की वाळलेल्या शेंगांतच दाण्यांना मोड फुटतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तर सोयाबीन शेतात उभे असताना सीना, मांजरा पात्राबाहेर आल्या. धाराशिव, बीड, सोलापुरात पिकाबरोबर मातीही वाहून गेली. पीक पुढच्या हंगामात पुन्हा उभे राहील, खरवडलेली जमीन नाही.

जे वाचले, त्याची अडचण ओलाव्याची. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. पण खरेदीची नेहमीची अट १२ टक्के ओलाव्याची. २०२४ मध्ये केंद्राने ती १५ टक्क्यांवर नेली, तीही हंगाम सुरू झाल्यावर. ही सवलत काढणीआधीच जाहीर व्हायला हवी. देणी डोक्यावर असलेला शेतकरी मळणी झालेला माल घरात ठेवून किती दिवस थांबणार?

राज्याने २०२५ च्या खरिपापासून पीक विम्यातून काढणीपश्चात नुकसानीची भरपाई वगळली, हे आम्हाला साफ चुकीचे वाटते. गंजी लावलेले सोयाबीन भिजले, तर ते नुकसान उभ्या पिकाचे उत्पादन मोजणाऱ्या पीककापणी प्रयोगात दिसतच नाही.